घरचा संगणक: आधी काय बदलावं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

विंडोज १० चं मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न फिरून येतो: "दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. खरंच घ्यावा लागेल का?" बऱ्याच जणांना लागणार नाही. मात्र संगणक नेमका कुठे अडतो ते न पाहता खरेदीला गेलात, तर पैसे रॅमवर जातात आणि मंदपणा हार्ड डिस्कचा असतो. या अंकात त्यातले काही प्रश्न सविस्तर घेतले आहेत. मेनूतली नावं आणि आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत कराव्यात.

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१३ सालचा आहे. आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत सहा-सात मिनिटं जातात. दोनदा फॉरमॅट मारून झालं. आठवडाभर बरा चालतो, मग पुन्हा तेच. वापर म्हणजे बँक, पेन्शनची कामं, यूट्यूब आणि मराठी टायपिंग. यावर खर्च करावा का?
(निवृत्त शिक्षक, कराड)

उत्तर : करावा, पण बेतानं आणि योग्य जागी. आधी एक तपासणी करा. संगणक सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. तुमच्या वर्णनावरून डिस्कचा आकडा दहा-पंधरा मिनिटं १०० टक्क्यांवर चिकटलेला असणार आणि सीपीयू मात्र २०-३० टक्क्यांवर निवांत असणार. तसं असेल तर अडचण हार्ड डिस्कची आहे.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी गोंधळ होणार नाही. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचायला आधी वाचकाडी योग्य जागी सरकते, मग तबकडी फिरून तो तुकडा काडीखाली येईपर्यंत थांबते. दोन्ही मिळून सरासरी १२-१३ मिलिसेकंद धरा. विंडोज सुरू होताना विखुरलेले दहा हजार तुकडे वाचायचे असले, तर नुसत्या या धावपळीतच दोन मिनिटं गेली. एसएसडीमध्ये (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी डिस्क) फिरणारं काही नसतं, त्यामुळे तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात हाती येतो. फॉरमॅट मारल्यावर आठवडाभर बरं वाटतं, कारण तेव्हा तुकडे कमी असतात. पुढे अपडेट, अँटिव्हायरस आणि ब्राउझरचा साठा वाढत जातो आणि काडीची धाव पुन्हा लांबते.

तेव्हा पहिली खरेदी २४० किंवा २५६ जीबीच्या एसएसडीची. ती २.५ इंची, साटा जोडणीची (म्हणजे वायरनं मदरबोर्डला जोडायची) घ्या. एच६१ बोर्डावर चपट्या एम.२ पट्टीसाठी जागाच नसते. या बोर्डावरचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचे आहेत, त्यामुळे खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलं असलं तरी तुम्हाला २५०-२८० च्या आसपासच मिळतील. त्याची अजिबात चिंता करू नका. तुमचा फायदा काडीची धावपळ संपण्यात आहे आणि तो पुरेपूर मिळतो. नाव न ऐकलेल्या कंपनीची फार स्वस्त एसएसडी मात्र टाळा. काहींमध्ये खोक्यावर लिहिलेली क्षमता प्रत्यक्षात नसते, आणि फाइल भरत गेल्यावर जुन्या फाइल बिघडू लागतात तेव्हाच ते उघड होतं.

दुसरी खरेदी रॅमची. तुमच्या बोर्डावर दोन खाचा आहेत आणि जास्तीत जास्त १६ जीबी चालते. आणखी ४ जीबीची एक पट्टी बसवून एकूण ८ केलीत तरी तुमच्या कामाला पुष्कळ झाली. पट्टी डीडीआर३, १६०० वेगाची हवी. इथे फसगत होण्याची मोठी शक्यता आहे. बाजारात काही स्वस्त डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालतात. त्या इंटेलच्या खाचेत व्यवस्थित बसतात, पण डिस्प्ले येत नाही. दुकानात स्पष्ट विचारा, "इंटेल एच६१ वर चालते ना? नाही चालली तर बदलून मिळेल?" आणि ते बिलावर लिहून घ्या.

प्रोसेसर बदलण्याच्या फंदात पडू नका. या सॉकेटला जुना वापरलेला आय५-३४७० मिळतो आणि तो दुपटीच्या आसपास काम करतो हे खरं, पण तुमच्या वापरात तो फरक जाणवणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. आधी जुन्या डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत साधन आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळींसमोर शून्याखेरीज काही दिसलं, तर बाकी सगळं थांबवून फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग संगणक बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला प्रवाह निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. रॅमच्या खाचेच्या टोकाची चिमटी बाजूला करा. पट्टीवरचा काप बरोबर मध्यावर नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. तो खाचेतल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. चिमटी स्वतःहून 'टक' करून मिटली पाहिजे. एसएसडीला दोन जोडण्या लागतात, एक डेटाची आणि एक वीजपुरवठ्याची. दोन्ही इंग्रजी एल आकाराच्या असल्यानं उलट्या बसत नाहीत. एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणारा डबा) साटाची वायर शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून ती घेता येते, पण साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचा अडॅप्टर घेऊ नका. त्याच्या आत वायरी एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. सुटे सांधे दिसतात असा घ्या.

नवीन सिस्टिम टाकताना जुन्या हार्ड डिस्कची साटा वायर काढून ठेवा. हे पाऊल बहुतेक जण गाळतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज एसएसडीवर टाकली जाते, पण सुरू होण्याची फाइल अनेकदा जुन्या डिस्कवर जाऊन बसते. वर्षभरानं ती डिस्क गेली की चांगली एसएसडी असूनही संगणक चालू होत नाही. शिवाय वायर काढलेली असली की घाईत चुकून फोटोंची डिस्क पुसली जाण्याचा धोकाच उरत नाही. त्याच वेळी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) 'साटा मोड', म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, पाहून घ्या. तो आयडीई असेल तर एएचसीआय करा, आणि हे सिस्टिम टाकण्याच्या आधी करा.

राहिली कोणती सिस्टिम टाकायची हा मुद्दा. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागतं. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. तपासणी चुकवून ती टाकता येते आणि तुमच्या प्रोसेसरवर सुरूही होते, पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पेन्शनचं खातं ज्यावर उघडता त्या संगणकावर असं करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. विंडोज १० ठेवायची असेल तर सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आवृत्ती २२एच२ हवी; 'विंडोज अपडेट'च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्यानं प्रवेश करून सेटिंगचा बॅकअप सुरू ठेवला तर त्यासाठी पैसे पडत नाहीत.

पण तुमची चारही कामं पाहता आमचा कल लिनक्स मिंट या विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत सिस्टिमकडे आहे. त्याच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. तीन रूपांपैकी 'एक्सएफसीई' सर्वांत हलकं. ८ जीबी रॅम केलीत तर 'सिनॅमन'ही छान चालेल आणि ते विंडोजच्या सवयीच्या हाताला जवळचं वाटतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवा आणि टाकण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, बँकेचं पान उघडतं का, सगळं अर्ध्या तासात कळतं. यूएसबी वायफायचा खडा ओळखला गेला नाही, तर मोबाइल वायरनं जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा, इंटरनेट लगेच मिळतं. मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' किंवा उच्चारानुसार लिहायची सवय असेल तर 'मराठी, कगप फोनेटिक' हा आराखडा जोडा. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'जे' या बटणावर र आहे आणि शिफ्टसह तिथेच ऱ; एनवर ल आणि शिफ्टसह ळ. 'दुसऱ्या' लिहिताना तोच शिफ्टचा ऱ वापरायचा असतो.

प्रश्न : रोज सकाळी संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. बँकेचं पान 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही. त्यात परवा निळा पडदा आला आणि विंडोज सुरूच होईना. व्हायरस असेल का?
(वाचक, रत्नागिरी)

उत्तर : व्हायरस नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. सीआर२०३२ हा तिचा क्रमांक, ३ व्होल्टची, घड्याळवाल्याकडेही मिळते. वीज बंद असताना तारीख आणि बायोसची सेटिंग तिच्या जिवावर टिकतात. बँकेच्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमचं घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर गेलं की ब्राउझर ते नाकारतो. निळ्या पडद्याचंही मूळ बहुधा तेच. बॅटरी गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर येतो आणि पुष्कळ जुन्या बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये साटा मोड आयडीई असतो. विंडोज एएचसीआयवर टाकलेली असेल तर तिला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. बॅटरी बदला (लिहिलेली, अधिक चिन्हाची बाजू वर), बायोसमध्ये जाऊन साटा मोड पुन्हा एएचसीआय करा, तारीख लावा. फॉरमॅट मारायची काहीच गरज नाही. कोणी सुचवलं तरी आधी हे करून पाहा.

प्रश्न : २०१८ साली घेतलेला लॅपटॉप आहे, आय५-८२५०यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. प्रोसेसर यादीत आहे असं कळलं, तरी विंडोज ११ ची तपासणी 'हा पीसी चालणार नाही' असं सांगते. सी, डी, ई असे तीन ड्राइव्ह केलेले आहेत.
(अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमचा प्रोसेसर यादीत आहे, ४ जीबी रॅमही किमान अटीत बसते. अडचण दोन सेटिंगची आहे, आणि तिसरी गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, ते तीन ड्राइव्ह.

विंडोजचं बटण आणि आर दाबून 'टीपीएम.एमएससी' टाका. 'टीपीएम सापडलं नाही' असं आलं, तर वेगळं काही विकत घ्यायचं नाही. इंटेलच्या या पिढीत ते प्रोसेसरच्या सोबतच येतं. बायोसमध्ये 'इंटेल पीटीटी' या नावानं ते बंद असतं, ते सुरू करा. मग 'एमएसइन्फो३२' टाकून 'बायोस मोड' ही ओळ पाहा. तिथे 'लेगसी' (जुनी पद्धत) असेल तर सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टिम अस्सल आहे ना ते तपासणारी सोय) सुरू होऊ शकत नाही, कारण डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीनं विभागलेली आहे. ती जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागेल. घाईनं बायोसमध्ये आधी यूईएफआय (लेगसीच्या जागी आलेली नवी पद्धत) निवडलंत तर विंडोज सुरू होणार नाही. तसं झालंच तर घाबरू नका, पुन्हा लेगसी करा, सगळं जसंच्या तसं परत येतं. क्रम असा: आधी डिस्कचं रूपांतर, नंतर बायोस.

रूपांतरासाठी विंडोज १० मध्येच 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन आहे आणि त्यानं डेटा जात नाही. पण त्याची एक अट आपल्याकडे हटकून आडवी येते. डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी (मुख्य) विभाग चालतात आणि एक्स्टेंडेड (इतर ड्राइव्ह पोटात घेणारा) विभाग अजिबात चालत नाही. आपल्याकडे विंडोज टाकून देणारे सी, डी, ई पाडून देतात. त्यात विंडोजचा स्वतःचा छोटा लपलेला विभाग पहिला, सी दुसरा, डी तिसरा, आणि चौथ्याची वेळ आली की विंडोज तो एक्स्टेंडेडमध्ये टाकते. म्हणजे तुमचा ई हाच बहुधा आडवा आलेला आहे. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडून पाहा. ई भोवती हिरवी चौकट असेल तर तो एक्स्टेंडेड आहे. त्यातलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, दोन-चार फाइल उघडून खात्री करा, मगच ई आणि ती हिरवी चौकट दोन्ही पुसा. त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी 'व्हॅलिडेट' आणि मग 'कन्व्हर्ट' या पर्यायांनी ते साधन चालवा. चालू विंडोजमधून चालवताना दोन्ही वेळा 'अलाउफुलओएस' जोडावं लागतं. शेवटी बायोसमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट सुरू करा. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर या सगळ्याच्या आधी ते तात्पुरतं थांबवा आणि ४८ अंकी रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा. नाहीतर बायोसमधला बदल पाहून लॅपटॉप तीच की मागेल.

तरीही आम्ही सुचवू की नाहीतरी एसएसडी घेणारच असाल तर हा खटाटोप करूच नका. एसएसडी बसवा, यूईएफआय सुरू करा, त्यावर विंडोज ११ कोरी टाका. मदरबोर्ड तोच असल्यानं परवाना आपोआप लागू होतो. एसएसडी घेण्याआधी लॅपटॉपच्या मॉडेलची पुस्तिका शोधून एम.२ ची जागा साटाची आहे की एनव्हीएमईची (साटाहून वेगवान जोडणी) ते पाहा. काही लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई पट्टी नीट बसते, पण जागा फक्त साटाची असल्यानं दिसतच नाही. रॅमसाठी टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' पाहा. '२ पैकी १' असेल तर डीडीआर४, २४०० वेगाची, लॅपटॉपची छोटी २६० पिनांची पट्टी घ्या. विंडोज ११ ला ४ जीबी कागदावर चालते. प्रत्यक्षात ब्राउझरचे पाच टॅब उघडले की जीव जातो. ८ कराच.

प्रश्न : कार्यालयातून निघालेला ब्रँडेड छोटा संगणक स्वस्तात मिळाला, आय५-४५७०, एसएमपीएस २४० वॅटचा. ऑटोकॅड शिकण्यासाठी ग्राफिक्स कार्ड बसेल का?
(वाचक, नागपूर)

उत्तर : बसेल, पण मर्यादेत. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. वेगळी वीजवायर मागणारं कार्ड तुमच्या एसएमपीएसवर लावू नका, आणि कंपनीचा एसएमपीएस बहुधा खास आकाराचा व वेगळ्या पिनांचा असल्यानं बाजारातला मोठा त्याजागी बसत नाही. कार्ड 'लो प्रोफाइल' (कमी उंचीचं) हवं, सोबत अर्ध्या उंचीची पट्टी आहे ना ते खोकं उघडून पाहा. मोजक्याच पैशांत जीटी १०३० (३० वॅट), त्यातही डीडीआर४ ऐवजी जीडीडीआर५ मेमरीचं; जास्त ताकद हवी तर वेगळी वायर न लागणारं लो प्रोफाइल जीटीएक्स १६५०. मात्र द्विमितीय आराखडे शिकायला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. आधी रॅम १६ जीबी करा, त्रिमितीय कामाला अडलं तरच कार्ड घ्या.

प्रश्न : आमचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकांची कामं. सगळं विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ आणि डोंगलवर (परवान्यासाठी संगणकाला जोडावा लागणारा खडा) चालणाऱ्या जुन्या मराठी फॉन्टवर. वीस वर्षांच्या फाइल आहेत. ग्राहक आता व्हॉट्सॲपवर युनिकोड मजकूर पाठवतात आणि तो आमच्याकडे चौकोन होऊन पडतो. संगणक बदलावा तर जुन्या फाइलींचं काय?
(मुद्रक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न संगणकाच्या ताकदीचा नाही, लिपीच्या साठवणीचा आहे. म्हणून तो जरा मुळापासून घेऊ.

जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणून काही साठवलंच जात नाही. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात. फॉन्ट त्यांच्या जागी क चं किंवा वेलांटीचं चित्र दाखवतो. फॉन्ट काढला की उरतो तो रोमन कचरा. युनिकोडमध्ये क ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कोणत्याही फॉन्टमध्ये क च राहतो. एक्सपीवरचा पेजमेकर तो क्रमांक ओळखत नाही, म्हणून चौकोन.

आमचा सल्ला: जुना संगणक मोडू नका आणि त्याच्यावर खर्चही करू नका. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच संपले आहेत, तेव्हा त्याची इंटरनेटची वायर कायमची काढा. त्याच्या डिस्कची क्लोनझिला या मोफत साधनानं संपूर्ण प्रतिमा (हुबेहूब प्रत) करून बाहेरच्या दोन डिस्कवर ठेवा. डोंगल यूएसबीचा असेल तर नव्या संगणकावर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) एक्सपी चालवून त्याला तो जोडून देता येतो; प्रिंटरच्या रुंद पॅरलल पोर्टचा असेल तर त्या मार्गावर भरवसा ठेवू नका, जुना संगणकच जपा. जुन्या अंकाचं पुनर्मुद्रण आलं की ते तिथेच करा.

नवी कामं नव्या संगणकावर, युनिकोडमध्ये. १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११. पानं मांडायला इनडिझाइन घेतलंत तर मराठी परिच्छेदांना 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडायला विसरू नका. तो निवडला नाही की जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस मोफत आहे, पण १.५.३ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, आधीच्या आवृत्त्यांना देवनागरी जुळवता येत नाही.

जुना मजकूर रूपांतरित करणारी साधनं मिळतात, आणि इथेच सर्वांत जास्त काळजी हवी. 'कि' लिहिताना जुन्या पद्धतीत आधी वेलांटी आणि मग क साठवला जातो. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. 'वर्ग' मध्ये जुनी पद्धत व, ग आणि शेवटी रफार अशी. युनिकोडमध्ये र ग च्या आधी येतो. रूपांतर करणाऱ्या साधनाला हा क्रम उलटवावा लागतो. 'निर्मिती'सारख्या शब्दात वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की अनेक साधनं चुकतात. सर्वांत धोक्याची चूक मात्र डोळ्यांना पटकन दिसत नाही: 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' होतं आणि 'दऱ्या' चा 'दर्या'. दोन्ही शब्द शुद्ध असल्यानं शुद्धलेखन तपासणाराही ते पकडत नाही, आणि पंगतीचे मानकरी एकदम विद्वान होऊन छापले जातात. म्हणून कोणतंही साधन घेण्याआधी एकच कसोटीची ओळ जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून रूपांतरित करून पाहा: निर्मिती, वार्षिक, दऱ्या, दर्या, तऱ्हा, ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, ॲडव्होकेट, ऑक्टोबर, कॅलेंडर, उत्कृष्ट. ही ओळ जशीच्या तशी आली तरच पुढे जा. आणि वीस वर्षांचं सगळं रूपांतर करत बसू नका. दरवर्षी लागणारे मंगलाष्टकांचे, निमंत्रणांचे, अहवालांचे साचे आधी घ्या.

कारागिराचा हात टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर बसलेला असेल तर त्याला इनस्क्रिप्ट शिकायला भाग पाडू नका. युनिकोडसाठीही रेमिंग्टन मांडणी मिळते. कामाचा वेग त्याच्या बोटांत आहे.

प्रश्न : दुकानाचा संगणक लिनक्सवर न्यायचा विचार आहे. टॅली आणि जीएसटीची डिजिटल सही वापरतो. प्रिंटर कॅनन एलबीपी२९००. चालेल ना?
(व्यापारी, जालना)

उत्तर : तुम्ही विंडोजच ठेवा. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही, सहीच्या टोकनचं जमवणं कटकटीचं आणि तुमचा प्रिंटर 'कॅप्ट' नावाची स्वतःचीच भाषा बोलतो, लिनक्सवर तो रोजच्या छपाईला भरवशाचा नाही. एचपी लेझरजेट १०२० असता तर ही तिसरी अडचण नसती; त्याला एचपीचं प्लगइन इंटरनेटवरून एकदा उतरवून द्यावं लागतं, मग तो चालतो. हिशेबाच्या संगणकावर क्रॅक विंडोज मात्र ठेवू नका. परवान्याशिवाय सक्रिय करणाऱ्या साधनांना चालण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि तेवढ्या फटीतून काय आत येईल हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : दर पावसाळ्यात डिस्प्ले येणं बंद होतं. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळा. दुकानात नेला की चालू होतो, घरी आणून चार दिवसांनी पुन्हा तेच.
(वाचक, म्हापसा, गोवा)

उत्तर : दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेत बारीक थर बसतो. दुकानात बहुधा रॅम काढून पुन्हा लावतात, तेवढ्या घासण्यानं तो थर निघतो आणि संगणक सुरू होतो, पण खाच तशीच राहते. वीज काढून रॅम बाहेर घ्या. पांढऱ्या मऊ खोडरबरानं सोनेरी भाग दोन्ही बाजूंनी हलकेच एकाच दिशेनं पुसा. शाई खोडायचा खरखरीत रबर वापरू नका, तो मुलामाच काढतो. चुरा ब्रशनं झटका. खाचेत इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर दोन सेकंद फवारा, रॅम दोन-तीनदा आत-बाहेर करा आणि अर्धा तास वाळू द्या. तोंडानं फुंकर घालू नका, वाफ आत जाते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, म्हणजे दोष पट्टीत आहे की खाचेत ते कळेल.

पावसाच्या दिवसांत संगणक वापरायचा नसला तरी रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, आतल्या उष्णतेनं ओल सुटते. कॅबिनेट भिंतीला टेकवलेलं असेल तर एक वीत पुढे ओढा. आणि खिडकीखाली असेल तर जागाच बदला.